नदीकाठची वाट

नदी पाहण्याचे अनेक प्रकार आहेत. पुलावरून ती पाहता येते, गाडीच्या खिडकीतून पाहता येते, घाटाच्या पायरीवर बसूनही पाहता येते. पुलावरून जाणाऱ्याला ती क्षणभर दिसते आणि मागे पडते. घाटावर बसणाऱ्याला तिचे पाणी दिसते. पण ते कोठून आले आणि कोणकोणती वळणे घेत आले, हे दिसत नाही. नदीची खरी ओळख करून घ्यायची असेल, तर तिच्या काठाने पायी चालावे लागते, आणि तेही सावकाश.

वाईचे एक आजोबा गेली अनेक वर्षे हेच करीत आले आहेत. दरवर्षी पौष महिन्यात एखादा मोकळा दिवस पाहून ते घरून निघतात आणि कृष्णेच्या काठाकाठाने, प्रवाहाच्या उलट दिशेने, धोम गावापर्यंत चालत जातात. अंतर आठ-नऊ किलोमीटरांचे. एस.टी.ची गाडी ते वीस-पंचवीस मिनिटांत तोडते. आजोबांना मात्र त्यासाठी अवघा दिवस लागतो.

यंदा त्यांनी आपल्या नातीला बरोबर घ्यायचे ठरविले. तिला बारावे वर्ष लागले होते आणि नुकतीच नवी सायकल मिळाली होती. पायी जायचे म्हणताच तिचा चेहरा उतरला.

"आजोबा, मी सायकलने पुढे जाते आणि धोमला तुमची वाट पाहत बसते," ती म्हणाली.

आजोबा हसले. "माझी वाट पाहायची असेल, तर सायकल चालेल. पण ही वाट पाहायची असेल, तर पायीच यायला हवे, बाळ."

नातीने नाइलाजाने चपला पायात सरकविल्या. आजीने भाकरी, पिठले आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून दिला, आणि दोघे निघाली.

सकाळ नुकतीच उजाडली होती. कृष्णेच्या पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा तरंगत होता. गणपती आळीच्या घाटावर दोन-चार माणसे स्नानासाठी उतरली होती. वाईला असे सात घाट आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड, अशी आळ्यांची नावे मुलांना पाढ्यांसारखी पाठ असतात. कारण प्रत्येक घाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो आणि प्रत्येक आळीला आपला उत्सव सर्वांत थाटाचा वाटतो. वाईकर नदीला 'कृष्णाबाई' म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला हाक मारावी, तशी ती हाक आहे.

ढोल्या गणपतीच्या देवळापाशी आजोबा थांबले. नातीला वाटले, ते दर्शनाला आत जातील. पण ते देवळाच्या मागच्या बाजूला गेले आणि भिंतीवर हात ठेवून उभे राहिले.

"या भिंतीचा आकार कसा आहे, सांग पाहू."

नातीने आजवर शेकडो वेळा ते देऊळ पाहिले होते. मागची भिंत मात्र कधीच निरखली नव्हती. ती भिंत सरळ नव्हती. दोन्ही बाजूंनी निमुळती होत होत ती माशाच्या अंगासारखी टोकाशी मिळाली होती.

गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधविले. ते अगदी घाटावर, नदीच्या कडेला उभे आहे. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला, की पाणी थेट देवळावर येते. मागची भिंत सरळ असती, तर पुराचा सारा लोट तिच्यावर आदळला असता. निमुळत्या टोकामुळे पाणी दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. पाण्याशी भांडू नये, त्याला वाट करून द्यावी, हे त्या काळच्या कारागिरांनी ओळखले होते. म्हणून अडीचशेहून अधिक वर्षांचे पूर पाहूनही ते देऊळ अजून जागच्या जागी आहे.

नातीने त्या दगडी टोकावरून हात फिरविला. दगड थंडगार होता. "मी नेहमी पुढूनच पाहत होते," ती हळूच म्हणाली.

घाट मागे पडला आणि पायवाट सुरू झाली. कोठे ती काठाला चिकटून जाई, कोठे शेताच्या बांधावर चढे, तर कोठे करंजांच्या सावलीत शिरे. उजव्या हाताला पांडवगड उन्हात न्हात होता. डाव्या हाताला पाचगणीच्या डोंगराचे सपाट माथे दिसत होते. समोर, दूरवर, कमळगड निळसर धुक्यात उभा होता. पाण्यालगतच्या एका वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. त्याच्या पाठीचा निळा रंग क्षणभर चमकला, पाण्यात 'डुबुक्' असा आवाज झाला, आणि दुसऱ्याच क्षणी तो चोचीत मासोळी धरून पुन्हा फांदीवर बसला. काठच्या ओल्या दगडांवर हिवाळ्यात येणारे धोबी पक्षी शेपट्या वरखाली हलवीत धावत होते.

नात भराभर पुढे जाई आणि आजोबांसाठी थांबे. असे दोन-तीनदा झाले. मग तिच्या लक्षात आले, की आजोबा थकून मागे राहत नाहीत. ते काहीतरी पाहत असतात. तेव्हा तीही त्यांच्या चालीने चालू लागली.

एका ठिकाणी उंबराच्या फांद्यांत, तिच्या डोक्याच्याही वर, वाळलेले गवत, चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. "इतक्या उंच हे कोणी टाकले?" तिने विचारले.

"कृष्णाबाईने. श्रावणात पाणी येथवर चढले होते, त्याची ही खूण आहे. गवत तिने काठावरून आणले. पिशव्या मात्र आपण तिला दिल्या. त्या तिने परत केल्या."

नातीने वर पाहिले, मग खाली वाहणाऱ्या शांत पाण्याकडे पाहिले. तिच्या डोक्यावरून पाणी वाहत असेल, ही कल्पनाच तिला खरी वाटेना. हाताला येतील तेवढ्या पिशव्या तिने ओढून काढल्या आणि गाठोडे करून काखेला मारल्या.

पुढे नदीने मोठे वळण घेतले होते. अलीकडचा काठ कड्यासारखा तुटलेला होता. झाडांची मुळे उघडी पडून लोंबत होती. समोरच्या काठाला मात्र वाळूचा आणि गाळाचा मऊ उतार पसरला होता. एकच नदी, एकच पाणी. मग एका काठावर एवढी रागावलेली आणि दुसऱ्या काठावर एवढी मायाळू का?

आजोबांनी उत्तर दिले नाही. त्यांनी करंजाची दोन पाने तोडली. एक पान अलीकडच्या काठाशी सोडले आणि दुसरे हात लांब करून, जमेल तेवढे पलीकडे फेकले. अलीकडचे पान झरझर निघून गेले. पलीकडचे रेंगाळत, गिरक्या घेत राहिले. नातीला उत्तर मिळाले. वळणावर बाहेरच्या बाजूला पाण्याचा वेग अधिक असतो. तेथे ते काठ कापते. आतल्या बाजूला ते संथ होते. तेथे अंगावरचा गाळ खाली ठेवते. अशा रीतीने नदी एका काठाची माती घेते आणि पुढच्या वळणावर दुसऱ्या काठाला देते. तिची वळणे त्यामुळे हळूहळू बदलत असतात. नकाशावर निळ्या रेघेने कायमची आखलेली नदी प्रत्यक्षात मात्र सरकत असते.

थोड्या अंतरावर पात्रात काळा कातळ उघडा पडला होता. दोघे त्यावर उतरली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून लाव्हारसाचे लोट पुन्हा पुन्हा बाहेर आले, थंड झाले आणि त्यांचे थरावर थर चढले. सह्याद्रीचा हा काळा दगड त्यांतूनच झाला. कातळात मधूनमधून वाटीएवढे, घागरीएवढे गोल खळगे होते. एका खळग्याच्या तळाशी तीन गुळगुळीत गोटे पडलेले होते. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरतात आणि कातळ घासत घासत असे खळगे कोरतात. कुकडी नदीच्या पात्रात निघोज येथे तर माणूस उभा राहील एवढाले रांजणखळगे झालेले आहेत.

"पाणी एवढे मऊ, आणि दगड एवढा कठीण!" नात म्हणाली.

"पाण्याला घाई नसते, बाळ," आजोबा म्हणाले.

नातीने त्या तीन गोट्यांतला एक उचलला. तो पारव्याच्या अंड्यासारखा गोल आणि गुळगुळीत होता. क्षणभर तिने तो खिशात घातला. मग काय वाटले कोणास ठाऊक, पुन्हा जागच्या जागी ठेवून दिला. त्याचे काम अजून संपलेले नव्हते.

ऊन चढू लागले तेव्हा दोघे मेणवलीच्या घाटावर पोहोचली. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणीस यांचा वाडा येथे आहे. वाड्यामागून दगडी पायऱ्यांचा रुंद घाट नदीत उतरतो. घाटावरील लहानशा घुमटीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे आणि १७०७ हे साल कोरलेले आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. त्या विजयानंतर तेथल्या चर्चमधील घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. त्यांपैकीच ही एक, असे मानले जाते. समुद्राकाठची घंटा अशी नदीकाठी येऊन विसावली आहे.

घाटाच्या पायरीवर बसून दोघांनी शिदोरी सोडली. खाता खाता नातीला भूगोलाचे पुस्तक आठवले. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तेथून अरबी समुद्र जेमतेम पासष्ट किलोमीटरांवर आहे. तरी ती तिकडे पाठ फिरवते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश असा सुमारे १४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. परीक्षेत हे वाक्य तिने अनेकदा लिहिले होते. पण त्याचे नवल तिला आज प्रथमच वाटले.

"समुद्र इतका जवळ असताना ती इतकी लांब का जाते?"

"सह्याद्रीचा कडा पश्चिमेला एकदम तुटलेला आहे, पण माथ्यावरची आपली जमीन पूर्वेकडे उतरत गेली आहे. पाणी उताराचे सोबती. आणि बरेच झाले. ती जवळच्या वाटेने गेली असती, तर एवढ्या गावांना पाणी कोणी पाजले असते?"

जेवण झाले, हात धुतले, आणि वाट पुन्हा सुरू झाली. मेणवलीपर्यंत वाट पायाखालची वाटत होती. पुढे मात्र ती ओळखू येईना. हळदीच्या शेतांत पाने पिवळी पडू लागली होती. उसाच्या फडांतून पाणी पाजण्याच्या नळ्या नदीपर्यंत आल्या होत्या. एके ठिकाणी तारेचे कुंपण आडवे आले, म्हणून दोघांना बांधाने वळसा घ्यावा लागला. एके ठिकाणी वाट काठाबरोबर ढासळली होती. त्यापुढे घाणेरीचे दाट रान माजले होते; आजोबांनी काठीने फांद्या बाजूला सारल्या, तेव्हा कोठे खालची चिंचोळी मळवाट दिसली.

"येथे खरेच वाट होती का?" नातीने काटे सोडवीत विचारले.

"होती तर! दोन माणसे शेजारी शेजारी बोलत चालतील, एवढी रुंद होती. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायांची रांग लागायची. वाट कोणी बांधत नाही, बाळ. पाय पडतात म्हणून ती होते. आणि पाय पडेनासे झाले, की गवत तिला परत घेते."

आजोबांना हे सारे कसे ठाऊक, हे विचारायचे तिच्या मनात आले. पण आजोबा पुढे निघून गेले होते. आज प्रथमच ते तिच्यापेक्षा भराभर चालत होते.

धोमला पोहोचेपर्यंत ऊन कलले होते. तेथल्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराचे दगडी कुंड आहे आणि त्यात दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसविलेला आहे. कुंडात पाणी भरले, की नंदीला पाठीवर घेऊन कासव पोहत आहे, असा भास होतो. नातीला ते फार आवडले. "हेसुद्धा तुमच्यासारखेच सावकाश चालते," ती म्हणाली. आजोबा नुसते हसले. देवळाच्या बाहेर येऊन दोघे आणखी थोडे पुढे गेली, आणि वाट थांबली.

समोर धरणाचा प्रचंड बांध उभा होता. सुमारे पन्नास मीटर उंच आणि जवळजवळ अडीच किलोमीटर लांब. त्याच्या पुढे जाणारी वाट नव्हती. शेजारच्या रस्त्याच्या चढावरून आजोबांनी नातीला वर नेले. तेथून बांधापलीकडचा जलाशय दिसू लागला. डोंगरांच्या कुशीत दूरवर निळे, निश्चल पाणी पसरले होते. कमळगडाची सावली त्या दिशेला लांबत चालली होती.

"किती सुंदर!" नात म्हणाली.

आजोबांनी काठी जमिनीला टेकविली आणि हात लांब करून पाण्याच्या मधोमध एक जागा दाखविली. "तेथे आपले गाव होते."

नात पाहतच राहिली. तेथे पाण्याशिवाय काहीच नव्हते.

"मी तुझ्याएवढा होतो. वडिलांबरोबर दर आठवड्याला याच वाटेने वाईच्या बाजाराला यायचो. मग धरणाचे काम झाले, पाणी चढू लागले. १९७० ते १९८० या दहा वर्षांत हे सारे घडले. खोऱ्यातल्या कित्येक घरांना उठावे लागले. कोणाला दूर माळावर जमिनी मिळाल्या, तिकडे ती माणसे गेली. आम्ही वाईला आलो. निघताना आईने चुलीतली चिमूटभर राख पदरात बांधून घेतली होती."

बराच वेळ कोणीच बोलले नाही. पाण्यावरून टिटवी ओरडत गेली.

"तुम्हाला धरणाचा राग येतो का, आजोबा?"

आजोबांनी लगेच उत्तर दिले नाही. धरणाच्या दोन्ही अंगांनी कालवे निघाले आहेत. वाई, सातारा आणि कोरेगाव या तालुक्यांतील शिवारांना त्यांचे पाणी मिळते. ज्या रानांत एके काळी पावसाच्या भरवशावर ज्वारी-बाजरीच पिके, तेथे आता ऊस आणि हळद डोलते.

"लहानपणी यायचा," ते शेवटी म्हणाले. "पुढे एकदा कालव्याच्या कडेने कोरेगावकडे गेलो. एका शेतकऱ्याने पाणी पाजले. त्याला सांगितले, की हे पाणी माझ्या गावावरून आले आहे. त्याने हात जोडले. त्या दिवसापासून राग गेला. पण दुःख राहिले. राग गेला म्हणजे दुःखही जावे, असे थोडेच आहे?"

"म्हणून तुम्ही दरवर्षी येथे येता?"

"सगळी वाट तर पाण्याखाली गेली. ही एवढीच उरली आहे. मी चाललो नाही, तर हीही जाईल."

नातीला सकाळचे बोलणे आठवले. आजोबा कोणती वाट पाहायला म्हणत होते, हे तिला आता कळले. तिने त्यांचा हात धरला. दोघे तशीच उभी राहिली. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला आणि पाण्यावर तांबूस रंगाचा एक लांब पट्टा उमटला. तो थेट त्या मधल्या जागेपर्यंत गेला होता.

परतताना आजोबांचे गुडघे दुखू लागले होते, म्हणून दोघे एस.टी.त बसली. गाठोडे केलेल्या त्या पिशव्या नातीने थांब्यावरच्या कचरापेटीत टाकल्या होत्या. गाडी भरधाव निघाली. खिडकीतून रस्ता दिसत होता, दुकानांच्या पाट्या दिसत होत्या, उसाचे फड दिसत होते. नदी मात्र झाडांच्या आणि भिंतींच्या आड कोठेच दिसत नव्हती. तरीही नात डोळे मिटून पुटपुटत होती, "आता घाणेरीचे रान... आता घाट आणि घंटा... आता तो कातळ... तीन गोटे... आता मोठे वळण..."

वीस-पंचवीस मिनिटांत वाई आली. घरी येताच तिने नवी सायकल अंगणातून उचलून ओसरीवर नेऊन ठेवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन आजीला विचारले, "आजी, पुढच्या पौषाला धाकट्याला बरोबर नेले, तर तो एवढे चालेल का?"